स्टीलची कामाडो: बंद डब्यातली आग सांभाळायची कशी

मे महिना लागला की इथे अमेरिकेत हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांच्या दारातच शेगड्यांची रांग लागते आणि आमच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी हमखास एक फोटो टाकतं. पोट सुटलेल्या रांजणासारखं काहीतरी, चाकं लावलेलं, वर झाकण, झाकणाला थर्मामीटर, आणि खाली प्रश्न, "दादा हे काय असतं, घेऊ का?" दरवर्षी मी तुकड्यातुकड्यात उत्तर देतो, मग कुणीतरी मध्येच गणपतीच्या वर्गणीचा विषय काढतं आणि राहून जातं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. माझ्याकडे ही दुसरी आहे, पहिली मी स्वतःच्या आळसाने घालवली, ते पुढे येईलच.

हे आहे तरी काय

कामाडो हा जपानी शब्द, अर्थ अगदी साधा, चूल. भात शिजवायची एक गोल बुडाची मातीची बंद शेगडी तिकडे असायची, मुशिकामाडो म्हणायचे तिला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात असलेल्या अमेरिकन सैनिकांना ती आवडली आणि त्यांनी ती घरी आणली, भात राहिला बाजूला आणि हे लोक तिच्यात मांस भाजायला लागले. १९७४ मध्ये अटलांटात एड फिशर यांनी या चुली विकायला सुरुवात केली, तीच पुढे बिग ग्रीन एग, ती हिरवी सिरॅमिकची अंडी तुम्ही कुणा ना कुणा शेजाऱ्याच्या मागच्या अंगणात बघितली असतील.

सिरॅमिकच्या जाड भिंतीचं काम काय, तर आतली उष्णता आत ठेवणं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की हेच काम दोन पत्र्यांमध्ये इन्सुलेशन भरूनही होईल, म्हणजे थर्मास जसा असतो तसं. त्यातून स्टीलची कामाडो आली. चार-ग्रिलरची अकॉर्न, ब्रॉइल किंगची केग या त्यातल्या नेहमी दिसणाऱ्या. वेबरची समिटसुद्धा दुहेरी भिंतीची स्टीलचीच आहे पण तिच्या किमतीत सिरॅमिकची येईल, त्यामुळे स्टील म्हणजे स्वस्तच असं काही नाही. ग्रुपवर जो फोटो येतो तो बहुतेक वेळा तीन-चारशे डॉलरवाल्या गटातला असतो आणि मी त्याच्याबद्दलच बोलतोय.

आतली रचना सोपी आहे. तळाला राखेचं तबक, त्यावर कोळशाची जाळी, त्यावर लाकडी कोळसा, वर अन्नाची जाळी. खाली एक आणि झाकणाच्या टोकाला एक अशा हवेच्या दोन खिडक्या, ज्यांना डॅम्पर म्हणतात, मी खिडकीच म्हणणार. झाकण आणि भांडं यांच्यामध्ये फेल्टची पट्टी असते, कुकरच्या रिंगसारखी, ती गॅस्केट. बस, बाकी सगळी सजावट.

आग कोळशावर नाही, हवेवर चालते

इथेच निम्मे लोक चुकतात. आपली सवय गॅसची, नॉब फिरवला की ज्योत कमी. कोळशाच्या उघड्या शेगडीवर जास्त धग हवी तर जास्त कोळसा टाकायचा. कामाडोत कोळसा गळ्यापर्यंत भरलेला असला तरी आग तेवढीच लागते जेवढी हवा तुम्ही आत सोडता.

मागे आई साताऱ्याहून आली होती तेव्हा मी असाच एका शनिवारी घाम पुसत उभा होतो, काटा ३०० फॅरनहाइटच्या पुढे गेलेला, मला हवे होते २२५ आणि मी वरून कोळसे चिमट्याने काढायच्या विचारात. आई बाहेर आली, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "अरे हा तर बंब आहे, खालचं तोंड लाव की." झालं. ज्यांनी तांब्याचा बंब बघितलाय त्यांना खरं तर पुढचं वाचायची गरज नाही, मधल्या नळीत कोळसे, खालून हवा, वरून धूर, खालचं तोंड बंद केलं की बंब मलूल पडतो आणि वरचं झाकण घातलं की आणखी मलूल.

जरा हिशोब करून बघा, मजा आहे. एक किलो कार्बन पूर्ण जळायला साधारण साडेअकरा किलो हवा लागते. हवेचं वजन कोण करतं म्हणा, पण साडेअकरा किलो हवा म्हणजे दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि आठ फूट उंच अशी एक न्हाणीघराएवढी खोली भरून हवा. तुमचा एक किलो कोळसा जळला म्हणजे जवळजवळ तेवढी सगळी हवा त्या खालच्या फटीतून आत जाऊन वरून बाहेर पडली. आता ती फट तुम्ही बोटाच्या पेराएवढी ठेवली की हाताएवढी, यावर किलोभर कोळसा तासात जाणार की रात्रभर पुरणार हे ठरतं.

म्हणून मंद आचेवर काही करायचं असेल, २२५ ते २५० फॅरनहाइट म्हणजे साधारण १०७ ते १२० सेल्सियस, तर कोळसा भरपूर भरायचा पण मधोमध एकाच जागी पेटवायचा आणि काटा वर चढत असतानाच खिडक्या मिटत यायचं. मी १५० ला पहिल्यांदा कमी करतो, २०० च्या आसपास अगदी चीर ठेवतो. २२५ उलटून गेल्यावर जागे झालात तर उशीर झालेला असतो, कारण एकदा पेटलेले निखारे पेटलेलेच राहतात आणि ती दुहेरी भिंत उष्णता बाहेर जाऊ देत नाही. वर चढवायला दहा मिनिटं लागतात, खाली आणायला तास. स्टीलच्या कामाडोची ही खोड सगळ्यात मोठी. पत्रा पातळ असतो, स्वतः फारशी उष्णता पीत नाही, म्हणून ती सिरॅमिकपेक्षा लवकर तापते आणि नवखा माणूस लवकर फसतो.

पेटवायला ते बाटलीतलं रॉकेलसारखं द्रव मात्र वापरू नका. बंद डब्यात त्याचा वास गॅस्केटमध्ये आणि मग जेवणात बसतो. मेणातला भुसा मिळतो तो किंवा तेलात बुडवलेला पेपर नॅपकिन, पुरतं. कोळसाही शक्यतो ओबडधोबड लाकडी कोळसा घ्या. त्या उशीच्या आकाराच्या दाबलेल्या गोळ्यांना बांधून ठेवायला स्टार्च घातलेला असतो, राख जास्त होते, आणि राख हा पुढे आपला मुख्य शत्रू आहे.

चार तास झाले, काटा हलेना, बिघडली का?

नाही. हा फोन मला किमान तीनदा आलाय, एकदा रात्री साडेअकराला. पोर्क शोल्डरसारखा मोठा तुकडा ठेवला की मांसाच्या आतलं तापमान भराभर चढतं आणि १५० ते १७० फॅरनहाइटमध्ये कुठेतरी (६५ ते ७७ सेल्सियस) येऊन तासन्‌तास बसून राहतं. लोक घाबरून खिडक्या उघडतात, कामाडो ३५० ला जाते, वरून करपतं.

कारण आपल्या घरच्या माठात आहे. माठाच्या अंगावरून पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं म्हणून आतलं पाणी गार राहतं. मांसातलंही पाणी पृष्ठभागावर येऊन उडत असतं, तुम्ही जेवढी उष्णता देता तेवढी ते घेऊन जातं, म्हणून काटा थांबतो. पाणी सरलं की पुन्हा चढतो. घाई असेल तर तुकडा फॉइलमध्ये गुंडाळा, घाम उडायचा बंद झाला की गाडी पुढे जाते. शेवट २०० च्या थोडं वर, साधारण ९५ सेल्सियसला, तोपर्यंत त्यातलं चिवट कोलॅजेन विरघळून जिलेटिन झालेलं असतं आणि काटा-चमच्याने तुकडा सुटतो.

बाकी कामाडोत हवा कमी खेळते म्हणून अन्न कमी सुकतं हा तिचा खरा गुण. अलिबागकडची पोपटी खाल्ली असेल तर कळेल, मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला कोंबून बंद करतात, पाण्याचा थेंब घालत नाहीत आणि तरी शेंगा कशा मऊ वाफाळलेल्या निघतात. तिथे आग बाहेर असते, इथे आत, पण वाफ कोंडायची युक्ती तीच.

झाकण उघडायचं म्हणजे उघडायचं, त्यात काय समजवायचं?

आहे, आणि हे मी भुवया देऊन शिकलोय. एकदा मिरच्या भाजून झाल्यावर दोन्ही खिडक्या लावल्या, पाच मिनिटांनी वाटलं की दोन कणसं पण टाकू, आणि झाकण एकदम वर उचललं. आत हवा संपलेली होती पण निखारे लाल होते आणि अर्धवट जळलेला वायू साठलेला होता. ताजी हवा आत गेली आणि फुस्स करून जाळ तोंडावर आला. उजव्या हाताचे केस गेले, भुवई अर्धी, आणि मुलगी आठवडाभर मला बघून हसत होती. तेव्हापासून आधी दोन बोटं झाकण उचलायचं, पाच सेकंद तसंच धरायचं, आतून हुंकार आला तर येऊ द्यायचा आणि मगच पूर्ण उघडायचं. कुकरची शिटी जाऊ दिल्याशिवाय आपण झाकण काढत नाही, तसंच.

आणि पाणी ओतून विझवायची नाही, कधीच. वाफेने हात भाजतो आणि आतला मीना, म्हणजे पत्र्यावरचा तो काचेसारखा थर, तडकतो. दोन्ही खिडक्या लावा, आग उपाशी मरते, उरलेला कोळसा पुढच्या वेळेला कामाला येतो. आजी चुलीतले कोळसे विझवून डब्यात भरून ठेवायची, तीच काटकसर.

सगळं बंद केलं तरी आग विझत नाही

मग कुठेतरी फट आहे. झाकणाचा व्यास समजा २० इंच, म्हणजे परीघ झाला १६० सेंटिमीटर. गॅस्केट सगळीकडून एक मिलिमीटर उचललेली असेल तर ती मिळून १६ चौरस सेंटिमीटरची वाट झाली, म्हणजे चार बाय चारचं सरळ भोकच. मंद आचेवर तुमची खालची खिडकी तेवढीसुद्धा उघडी नसते. मग तुम्ही खिडकी कितीही फिरवा, हुकूम दुसरंच कुणीतरी सोडतंय.

तपासायला एक डॉलरची नोट घ्या, कडेवर ठेवा, झाकण लावा आणि ओढा. अडकत अडकत आली तर ठीक, सुळकन आली तर तिथे पट्टी गेलीय. गोल फिरून आठ-दहा जागी बघा. किंवा संध्याकाळी थोडे निखारे करून वर ओला लाकडाचा तुकडा टाका, खिडक्या लावा आणि धूर कुठून निघतो ते बघत बसा. माझ्या दोन्ही कामाडोंमध्ये धूर झाकणातून कमी आणि तळाच्या राखेच्या तबकाच्या जोडातून जास्त यायचा. तबक खटक्यांनी अडकवलेलं असतं, खटके सैल पडतात, तबक वाकतं. जास्त उष्णता सोसणारी फेल्टची चिकटपट्टी मिळते, जुनी पूर्ण खरवडून, स्पिरिटने पुसून, नवी चिकटवायची आणि एक रात्र झाकण लावून दाबून ठेवायची. खरवडायचा कंटाळा केलात तर महिन्यात पुन्हा निघते, केलाय मी.

स्टील आहे म्हणजे गंजणारच ना?

हो, आणि बाहेरून नाही, आतून. बाहेरच्या रंगावर सगळे कव्हर घालतात, मेण लावतात, आणि तळाशी राख तशीच.

लाकडाच्या राखेत क्षार असतात, म्हणून तर आपल्याकडे राखेने भांडी घासायचे. ती हवेतला ओलावा धरून ठेवते. गरम कामाडो थंड होताना आत दव धरतं, वरच्या खिडकीतून पावसाचे दोन-चार थेंब जातात, आणि तळाला राखेची खारट खीर तयार होते जी पत्र्याला सुकूच देत नाही. मीन्याचा टवका जिथे उडालाय तिथून गंज शिरतो. माझी पहिली मी नोव्हेंबरात कव्हर घालून ठेवली, छान शिस्तीत, फक्त राख काढली नाही. मार्चमध्ये कव्हर काढलं, वरून नवीकोरी, तबकाचा खटका उघडला तर तबकाची कड हातात आली, बिस्किटासारखी. आतल्या जाळीवर हिरवी-पांढरी बुरशी, लव आल्यासारखी. बुरशीला उपाय आहे, अर्धा-पाऊण तास कडक तापवायची, ब्रशने घासायची, पुन्हा तापवायची. तबकाला उपाय नव्हता, बदलून बघितलं पण तोवर तळाची कडपण गेली होती.

आता मी काय करतो तर दर मोठ्या स्वयंपाकाआधी राख काढतो, ती भोकं बुजवून आगही मारते म्हणून, आणि पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी. निखारा राखेत लपून खूप वेळ जिवंत राहतो, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात राख भरा, प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिंपात चुकूनही नाही. महिनाभर पेटवणार नसाल तर तबक काढून घरात ठेवा, खालून वारा खेळू द्या, ओली असताना कव्हर घालू नका. टवका उडाला तर सँडपेपर मारून जास्त उष्णतेचा शेगडीचा रंग लावायचा, बाहेरच्या बाजूला. आत अन्नाच्या जवळ रंग नको, तिथे तेलाचा हात पुरे.

बिडाच्या जाळीबद्दल फार सांगत नाही, घरी बिडाचा तवा आहे ना, तसंच. साबणात भिजत टाकायची नाही, गरम असताना घासायची, तेलाचं बोट फिरवायचं.

एवढा ताप, मग सिरॅमिकच का नको?

पैसे असतील, जागा पक्की असेल आणि घर बदलायचं नसेल तर घ्या की. सिरॅमिक गंजत नाही, भिंतीत उष्णता साठवते म्हणून पिझ्झाला वरून छान धग लागते, वर्षानुवर्षं टिकते. पण ती पडली की फुटली, आणि मोठ्या आकाराची सत्तर किलोच्या पुढे जाते, दोन माणसं लागतात. माझी स्टीलची चाळीस-पंचेचाळीस किलो असेल, एकटा ढकलतो. आपल्यातले निम्मे लोक दर दोन-तीन वर्षांनी नोकरीमागे गाव बदलतात, त्यांना मी स्टीलच सांगतो. फक्त ती चार-पाच वर्षांची सोबत आहे असं धरून घ्या, राखेकडे लक्ष दिलंत तर जास्त.

आम्ही शाकाहारी, आम्हाला काय उपयोग

भरीत! खानदेशात वांगी तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात, त्या धुराची सर इथल्या ओव्हनला येत नाही. कामाडोत ४०० फॅरनहाइटला थेट जाळीवर वांगी ठेवा, निखाऱ्यावर सफरचंदाच्या किंवा हिकरीच्या लाकडाचा अंगठ्याएवढा एकच तुकडा, आणि धूर पांढरा जाड असेपर्यंत वांगी आत घालू नका. पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाहीये, कडवटपणा येतो. धूर पातळ, जेमतेम दिसेल असा निळसर झाला की मग. कणसं, पनीर, नान, सगळं होतं. नानसाठी ६०० पर्यंत न्यायची असेल तर आधी आतली जुनी चरबी खरवडून काढा, नाहीतर ती पेट घेते.

बाल्कनीत चालेल का, थंडीत गॅरेजमध्ये?

गॅरेजमध्ये नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कमी हवेत जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि कामाडो तर कमी हवेवरच चालते. विझल्यासारखी वाटली तरी आत आणू नका. अपार्टमेंटच्या लाकडी बाल्कनीत कोळशाची शेगडी बऱ्याच ठिकाणच्या अग्निशमन नियमांत बसत नाही, इमारतीपासून दहा फूट लांब ठेवायला सांगतात, लीज वाचा. बाहेर थंडीत मात्र ही उत्तम चालते, भिंत दुहेरी आहे ना.

जुनी घेणार असाल, कारण ग्रुपवर पुढचा प्रश्न तोच असतो, तर विकणाऱ्याच्या अंगणात उभं राहून आधी राखेचं तबक काढायला सांगा. टॉर्च लावून तळाची कड बघा, स्क्रू-ड्रायव्हरने जरा टोचा, मऊ लागली तर राहू द्या, चाळीस डॉलरलाही नको. वरचा काटा खरा की खोटा ते घरी उकळत्या पाण्यात बुडवून कळतं, २१२ दाखवायला हवा, चुकीचा असला तर दहा-पंधरा डॉलरचं काम आहे. आणि "दोनदाच वापरलीय हो" म्हणाला तर तबकात राख किती आहे ते बघा.